विहिरीवरचा हॉर्न

दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. पाटी खोटी नव्हती, अपुरी होती. शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्या गाळ्यात येणाऱ्या निम्म्या वस्तू बिघडलेल्या नसत. त्या चालू असत आणि त्यांच्याकडून भलतंच काम करून घ्यायचं असे. टेपरेकॉर्डरचा स्पीकर काढून मडक्याच्या तोंडावर बसवायचा, म्हणजे आवाज घुमतो. जीपमधला टेप ट्रॅक्टरवर चढवायचा. ट्रॅक्टरची बॅटरी घरातल्या छोट्या टीव्हीला जोडायची, कारण क्रिकेटचा सामना असला की वीज जाणार हे ठरलेलं. बनवणाऱ्यानं वस्तू ज्या कामासाठी बनवली ते काम गिऱ्हाइकाला मान्य नसे, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचं बरोबर असे.

त्याच टेबलावरून जिल्ह्यातल्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या जात. वार्ताहर मीच. ते काम मानाचं होतं, पोट दुकानावर होतं. दोन्हीकडची शिकवण सारखीच: आधी काय घडतंय ते पाहा, मग का घडतंय ते विचारा, स्वतःचं मत शेवटी, आणि जमलं तर नकोच.

नव्वदच्या दशकातलं एक काम नमुन्यादाखल सांगण्यासारखं आहे. न्हावऱ्याकडच्या एका शेतकऱ्याला ज्वारीतली पाखरं हाकलायची होती. दिवसभर मचाणावर उभं राहून ओरडायचा त्याला कंटाळा आला होता. त्यानं स्वतःच्या आरोळ्या दुकानात बसूनच कॅसेटमध्ये भरल्या. तेवढा वेळ बाजारपेठेत येणारी-जाणारी माणसं थांबून ऐकत होती. एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू होणारा टेप त्याला जोडून दिला. सुरुवातीला पाखरं घाबरली, मग सरावली. फसला तो एक पाहुणा. त्यानं बांधावर उभं राहून ‘दाजी, हिकडं या की’ म्हणून ज्वारीला बराच वेळ बोलावलं. दाजी ओरडतायत, पण बाहेर येत नाहीत, म्हणून तो रागावून परत गेला. पुढे सोयरिकीत त्याचा उल्लेख निघत राहिला.

मोबाईल आल्यावर कामाची जातच बदलली. शेतीपंपाची वीज भारनियमनामुळे अवेळी यायची आणि मोटर सुरू करायला माणसाला विहिरीपर्यंत जावं लागायचं. मोटरच्या पेटीला, म्हणजे स्टार्टरला, दोन बटनं असतात: हिरवं चालू करायला, तांबडं बंद करायला. माणसानं जायचं ते फक्त हिरवं बटन दाबायला. तेव्हा कुणीतरी, कुठल्यातरी गावात, जुना मोबाईल उघडून पाहिला. फोन आला की मोबाईल थरथरतो, कारण आत शेंगदाण्याएवढी मोटर असते. ती काढून टाकायची, तिच्या दोन तारा बाहेर घ्यायच्या आणि त्या रिलेला जोडायच्या. रिले म्हणजे छोट्या विजेनं मोठी वीज चालू करणारा खटका. त्याची दुसरी बाजू हिरव्या बटनाला जोडली की झालं. शेतकऱ्यानं घरून मिस्ड कॉल द्यायचा, विहिरीवरचा मोबाईल थरथरायचं सोडून मोटर सुरू करायचा. फोन कुणी उचलत नसल्यानं पैसेही पडायचे नाहीत.

हा शोध या दुकानाचा नाही. तो कुणा एकाचा नाहीच. शिरूर, दौंड, केडगाव, सगळीकडच्या टेबलांवर तो थोड्याफार फरकानं एकाच सुमारास जुळला. एकमेकांची पेटी उघडून पाहायची पद्धत होती आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

अडचणी आल्या त्या भलत्याच बाजूनं. दौंडच्या एका गिऱ्हाइकाची मोटर रोज दुपारी आपोआप सुरू व्हायची. तारा तपासल्या, रिले बदलला, काही सापडेना. शेवटी पेटीपाशी बसून राहिल्यावर उलगडा झाला. मोबाईल कंपनीचा फोन येत होता. अमुक गाणं तुमच्या फोनवर लावा, असं सांगणारा.

‘म्हंजी कंपनीच माझं वावर भिजवती व्हय?’ गिऱ्हाईक म्हणालं. ‘मिस्त्री, त्यांना म्हणावं, आता पेरून बी द्या.’

त्यावर उपायही त्या मोबाईलमध्येच होता. ठरावीक नंबरावरून फोन आला तरच थरथरायचं, अशी सोय साध्या हँडसेटमध्ये असे. बनवणाऱ्यांनी ती बहुधा घरच्या माणसांचे फोन ओळखू यावेत म्हणून दिली असावी. आमच्याकडे ती मोटरीच्या कामी आली.

याच काळात कारेगावहून बिरा आला. रांजणगावच्या एका कारखान्यात तो जुळणीच्या लाइनवर कामाला होता आणि कारेगावात खोली घेऊन बायको-मुलांसह राहत होता. बरोबर वडील होते, म्हाळूआबा. ते दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. खांद्यावर घोंगडी, पायांत टायरच्या वहाणा. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख फिरलेले, पुढे कालव्याचं पाणी आल्यावर थोड्या जमिनीत स्थिरावलेले. मेंढरं गेली होती, दोन शेळ्या उरल्या होत्या, बाकी ऊस.

‘भाऊ, आईला घंटी पायजे,’ बिरा म्हणाला. ‘दवाखान्यात खाटंला असती तशी. तिनं दाबली की आबांना वावरात कळलं पायजे.’

आई म्हणजे गोदाबाई. त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. सकाळ-संध्याकाळ भावकीतली एक सून येऊन त्यांचं सगळं करून जाई. मधला दिवस आबांचा. घर शेतातच होतं, पण उसात शिरलं की घरातलं काही ऐकू येत नसे.

‘मला येतंय की ऐकाया,’ आबा म्हणाले.

‘काय येतंय? काल शेजारचा बैल हंबरला तर तुम्ही म्हणालात, मोटार बसली वाटतं.’

‘बसलीच हुती.’

‘ती नंतर बसली!’

आबांना नुसता मोबाईल का देत नाही, असं विचारल्यावर बिरानं हात जोडले. ‘दोन दिले. एक वाकले तवा विहिरीत गेला. दुसरा कडब्यात बांधून गंजी रचली. बॅटरी हुती तवर फोन लावला की गंजी वाजायची.’

आबा टेबलावरचा उघडा रेडिओ पाहत होते.

बिरानं पुढे जे सांगितलं ते त्यानं वडिलांकडे न पाहता सांगितलं. घंटी नीट चालली तर ठीक. नाहीतर दसऱ्यानंतर तो आईला कारेगावला नेणार होता. खोली एकच होती, पण कोपऱ्यात खाट बसत होती, आणि त्याच्या बायकोची ना नव्हती. आबा मात्र ऊस सोडून येऊ शकत नव्हते. म्हणजे आई तिकडे, आबा इकडे. बिरा वाईट मुलगा नव्हता. आई दिवसभर एकटी पडून आहे, हा विचार त्याला लाइनवर सुचू देत नव्हता. ‘हाताखालनं पार्ट निघून जातोय आन् माझं ध्यान खुटबावला,’ तो म्हणाला. ‘सुपरवायझर दोनदा बोलला.’

गोदाबाईंना काय हवंय ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांना सांगता येत नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं.

काम सोपं वाटलं. पंपाचीच युक्ती, फक्त मोटरीऐवजी आवाज. घरातल्या मोबाईलवर ‘दोन’ ही कळ दाबून धरली की विहिरीवरच्या मोबाईलला फोन लागेल अशी सोय केली. गोदाबाईंना मोतीबिंदू होता आणि डाव्या हाताची बोटं जाड, कामाची. मोबाईलची कळ त्यांच्या अंगठ्याखाली हरवली असती. म्हणून त्या कळीच्या दोन तारा बाहेर काढल्या आणि स्टार्टरचं जुनं हिरवं बटन त्यांना जोडलं. ते एका फळीवर ठोकून खाटेच्या डाव्या बाजूला बांधलं. हे बटन त्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते दाबल्यावर काहीतरी सुरू होतं, एवढं समजावून सांगायची गरज नव्हती.

विहिरीवर आवाजासाठी टेंपोचा हॉर्न वापरला. तो शिक्रापूरच्या भंगारातला. तिथं रस्त्यावर ट्रकची रांग कधी तुटत नाही आणि त्यातले काही ट्रक भंगारातच उतरतात. हॉर्नला बॅटरी, बॅटरीला चार्जर, आणि दोनदा वाजून थांबेल असा टायमर. उंच खांबावर, उसाच्या शेंड्यांच्या वर त्याचं तोंड. बसवला त्या दिवशी गोदाबाईंचा अंगठा बटनावर ठेवून बिरानं दाबायला लावलं. शेतातून पोंऽ पोंऽ असा आवाज आला आणि दोन्ही शेळ्या दावं ताणून उभ्या राहिल्या. गोदाबाईंनी बटनाकडे पाहिलं, मग दाराकडे. थोड्या वेळानं दारात आबा आले.

‘आलो,’ ते म्हणाले.

काम फत्ते झालं असं समजून आम्ही निघालो.

दसऱ्याच्या आधी बिरा परत दुकानात आला. कंपनीची बस चुकवून आला होता, म्हणजे राग मोठा होता.

‘भाऊ, फॉल्स मारतंय. दिवसभर वाजतंय. काय कारण न्हाई, काय न्हाई, पोंऽ पोंऽ. आबा खुरपं टाकून पळत्यात, घरी जाऊन बघत्यात तर आई निवांत पडल्याली. पाणी न्हाई पायजे, कूस न्हाई बदलायची. शेजारी इचारत्यात, तुमच्या उसात टेंपो घुसलाय का म्हणून.’

‘आबा काय म्हणतात?’

‘ते काय म्हणत्यात? काय म्हणत न्हाईत. पण त्यांची उमर हाय का पळायची? आमच्या लाइनवर असं फॉल्स सिग्नल आलं तर आम्ही मशीन बंद करतो. बघा एकदा. न्हाई जमलं तर मी टेंपो सांगितलाय, दसरा झाला की आईला नेतो.’

दुसऱ्या दिवशी सामानाची पिशवी मोटरसायकलला अडकवून न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला असं करत खुटबाव गाठलं. आपोआप वाजणाऱ्या यंत्राची कारणं मोजकी असतात. तारेचं आवरण उंदरानं कुरतडलेलं असतं. बटनात ओल गेलेली असते. रिले चिकटलेला असतो. किंवा दुसराच कुणी त्या नंबरावर फोन करत असतो. सगळी एकेक करून पाहिली. तारा धड होत्या. बटन कोरडं होतं. रिले मोकळा होता. विहिरीवरच्या मोबाईलमध्ये आलेल्या फोनांची नोंद पाहिली, सगळे घरच्याच नंबराचे.

उरलं एकच. यंत्र नीट होतं आणि ते दाबलं जात होतं.

मग दौंडच्या मोटरीपाशी केलं होतं तेच केलं, बसून राहिलं. दाराच्या आतल्या बाजूला, पोत्यावर. गोदाबाईंना परका माणूस घरात असल्याचं विशेष वाटलं नसावं. त्यांनी एकदा पाहून घेतलं आणि मान परत दाराकडे केली. बाहेर ऊन होतं, पत्रा तडतडत होता. कुठेतरी खुरपं दगडाला लागल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काही आलं नाही. तेव्हा त्यांचा डावा हात पांघरुणातून निघाला, फळी चाचपून बटनावर गेला आणि अंगठ्यानं ते दाबून धरलं. चूक नव्हती, झटका नव्हता. पोंऽ पोंऽ.

त्या वाट पाहत राहिल्या. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

आबा आले ते धापा टाकत. दारात उभे राहिले. ‘वाफा भरतूय खालचा,’ ते म्हणाले. गोदाबाईंनी डोळे मिटले. आबा वळले आणि परत गेले. दोघांचं बोलणं एवढंच.

त्यांच्या मागोमाग बांधावरून जाताना विचारलं, ‘आबा, त्यांना काय हवं होतं?’

‘काय न्हाई.’

‘मग बोलावलं कशाला?’

‘बोलावलं कुठं? हाळी दिली.’

हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक, हे कुणालाही माहीत असतं. पण आबांच्या बोलण्यात तिला नेमका अर्थ होता, आणि तो त्यांनी चालता चालता, काही विशेष सांगतोय असं न दाखवता सांगितला. मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा गोदाबाई घोड्यावर बिऱ्हाड घालून पुढे निघायच्या आणि आबा कळप घेऊन मागून. मध्ये टेकड्या, ओढे, झाडी. एकमेकांना दिसायचं नाही. मग एकानं हाळी द्यायची, दुसऱ्यानं तिला हाळीनं उत्तर द्यायचं. तिच्यात शब्द नसायचा. मी हाय, तू हायस का, एवढंच.

‘आन् उत्तर आलं न्हाई तर?’

‘तर परत द्याची. तरी न्हाई आलं तर माणूस मागं फिरतंय.’

‘आणि खरंच काही झालं असेल तर?’

आबा थांबले. असला प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारला नव्हता. ‘उत्तर आल्यावर लगेच परत हाळी आली, तर वळखायचं. लांडगा तरी आला, न्हाईतर लेकरू तरी पडलं. मग हातातलं टाकून पळायचं.’

सगळं उलगडलं. आम्ही, म्हणजे दवाखान्याची घंटी मनात धरलेला बिरा आणि पंपाची युक्ती मनात धरलेलं हे दुकान, अडचणीच्या वेळी वाजवायचं यंत्र बसवलं होतं. गोदाबाईंनी ते हातात येताच ओळखलं ते वेगळंच. वाचा गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच हाळी देता येत होती. त्या देत होत्या. आणि आबांना उत्तर द्यायची काही सोयच आम्ही ठेवली नव्हती. आरोळी ठोकायला छातीत दम राहिला नव्हता, आणि उसातून ती घरापर्यंत पोचलीही नसती. म्हणून प्रत्येक हाळीला आबा स्वतःच उत्तर होऊन चालत येत होते.

‘मग बिराला का सांगितलं नाहीत?’

‘त्यानं इचारलं, आईला काय पायजे असतंय? मी म्हणलं, काय न्हाई. खरंच हाय की.’

दुसरं यंत्र पहिल्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं होतं, त्यामुळे अवघड नव्हतं. विहिरीवरच्या मोबाईललाही तसंच हिरवं बटन जोडलं. विहीर उसाला लागूनच, घरापेक्षा केव्हाही जवळ. घरातल्या मोबाईलच्या थरथरीच्या तारांना रिले, आणि रिलेला बॅटरीवरचा इमर्जन्सी दिवा, म्हणजे वीज नसली तरी चालावा. पत्र्याखालच्या आडव्या वाशाला तो दिवा बांधला, मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही चुकणार नाही असा, समोर. आबांनी बटन दाबलं की तो लागेल, थोडा वेळ राहील, विझेल.

पहिल्यांदा लागला तेव्हा गोदाबाई दचकल्या. दाबलं होतं त्यांनी, हॉर्न वाजला होता, दाराकडे पाहून झालं होतं, आणि माणूस यायच्या जागी दिवा लागला होता. त्यांनी भुवई वर करून माझ्याकडे पाहिलं. सांगितलं, ‘आबांनी उत्तर दिलं.’ त्यांनी दिव्याकडे पाहिलं, तो विझेपर्यंत. मग बराच वेळ थांबून, जणू परीक्षा घ्यावी तसं, पुन्हा दाबलं. पोंऽ पोंऽ. दिवा लागला. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती. दुसरी हसली.

बिराला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण टेंपो रद्द केला नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाचं म्हणणं रास्त होतं: रोज वाजणाऱ्या घंटीला माणूस सरावतो, आणि मग खरी वाजते तेव्हा उठत नाही. पाखरं टेपला सरावली होती, हे आम्हीही पाहिलं होतं.

दसरा झाल्यावरच्या सुट्टीला तो खुटबावला आला. त्याच्या सांगण्यावरून दुकान बंद ठेवून तिथं हजर राहावं लागलं, म्हणजे यंत्राचं जे व्हायचं ते समोरासमोर व्हावं. टेंपो अंगणात उभा होता. बरोबर आलेल्या त्याच्या बायकोनं आईच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं होतं. आबा नेहमीप्रमाणे उसात होते. आज जाऊ नका असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

बिरा खाटेजवळ उकिडवा बसला. ‘आई, तुझी घंटी बघू दे.’

गोदाबाईंनी दाबलं. हॉर्न वाजला. दिवा लागला, विझला.

‘बरं. आता लगीच परत दाब.’

त्यांनी दाबलं नाही.

‘दाब की. आबा येत्यात का बघू. न्हाई आले तर मग मी म्हणतो तेच खरं.’ त्यानं आईचा हात धरून बटनावर नेला, लहान मुलाचा नेतात तसा. ‘एकदा दाब, आई.’

गोदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग बटनावरचा हात उचलला, पांघरुणात घेतला आणि पांघरूण डाव्या खांद्याशी घट्ट धरलं. बिरानं आणखी दोनदा म्हटलं. सून म्हणाली, ‘आत्या, दाबा, त्यांचं समाधान व्हईल.’ हात बाहेर आला नाही.

टेंपोवाला दारात येऊन डोकावून गेला.

‘वाघ न्हाई, लांडगा न्हाई,’ बिरा शेवटी हळूच म्हणाला. तो आईशी बोलत होता की स्वतःशी, ते कळलं नाही. ‘उगंच दाबणार न्हाई ती.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘फॉल्स न्हाई, भाऊ.’

तो उठला, गाठोडं उचललं आणि आतल्या ट्रंकेवर नेऊन ठेवलं. बाहेर जाऊन टेंपोवाल्याला काहीतरी सांगितलं. टेंपो मागं घेताना शेळ्यांच्या गव्हाणीला लागला आणि सगळ्यांनाच ओरडायला एक कारण मिळालं, ते बरं झालं. उसातून आबा आले, गव्हाण पाहिली, टेंपोत कुणी नाही हे पाहिलं, आणि टेंपोवाल्यालाच चहाला थांबवून घेतलं.

गोदाबाई खुटबावलाच राहिल्या. उत्तर मिळाल्यावर लगेच हाळी, असं त्यानंतर दोनदाच झालं, असं आबांनी सांगितलं. एकदा चुलीतलं जळतं लाकूड बाहेर घरंगळलं होतं, एकदा त्या स्वतः खाटेवरून सरकल्या होत्या. दोन्ही वेळी आबा पळाले आणि वेळेत पोचले. एरवी दिवसभर हॉर्न आणि दिवा चालू असे. शेजारी सरावले. एका माणसाला तर दुपारचं कळायला घड्याळ लागेनासं झालं, असं तो म्हणे.

पंपाच्या मोबाईलची बातमी मी दैनिकाला पाठवली होती आणि ती छापूनही आली. या घराची पाठवली नाही. बातमीत ‘काय म्हणाले’ लागतं. इथं कुणी कुणाला काही म्हणतच नव्हतं. लिहून पाहिलं तेव्हा कागदावर हॉर्न, दिवा, बटन एवढंच उरत होतं. ते त्या वेळी लिहिता आलं नाही याची खंत आहे.

पुढे तयार पेट्या बाजारात आल्या. मोबाईलवरून मोटर चालू, बंद, वीज आली की संदेश, सगळं एकाच डब्यात, वर वॉरंटी. त्या आमच्या जुळवणीपेक्षा चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. त्या उघडता येत नसत. नव्या मोबाईलच्या कळीही गेल्या आणि काचेला तार जोडता येत नाही. दुकान मुलांनी मोबाईलच्या कव्हरचं केलं.

त्याआधीच, दोन पावसाळ्यांनंतरच्या थंडीत, गोदाबाई त्याच खाटेवर गेल्या. सुतक फिटल्यावर काही दिवसांनी बिरा दुकानात आला. यंत्र काढून न्यायला सांगेल, असं वाटलं होतं.

‘विहिरीवरच्या मोबाईलमधी घरचा नंबर हाय, तो काढून माझा घालता येतोय का?’ त्यानं विचारलं. ‘दोन्ही बाजूला. मी फोन लावला की हॉर्न वाजावा, आबांनी बटन दाबलं की मला मिस्ड कॉल यावा.’

येतो, म्हटलं. कसं करायचं ते दाखवलं. मग सुचवलं, आबांना आता सरळ एक मोबाईल गळ्यात अडकवून द्या, दोरीनं, म्हणजे बोलता येईल.

‘बोलाया लागलं की आबा म्हणत्यात, बरं हाय, ठेव आता,’ बिरा म्हणाला. ‘बोलाया असतंय काय? आन् लाइनवर मोबाईल नेऊन देत न्हाईत. शिफ्टच्या आधी एकदा, सुट्टी झाली की एकदा. बास हाय.’

नंबर त्यानं स्वतःच जाऊन बदलले. त्यानंतर एकदा दुसऱ्या पाळीला जाताना तो दुकानात टेकला. काम काही नव्हतं, बस यायला वेळ होता. बोलता बोलता त्यानं खिशातून मोबाईल काढला, एक नंबर लावला, दोन रिंग होऊ दिल्या, तोडला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. कुणाला लावलास, असं विचारायची गरज नव्हती. बाजाराचा दिवस होता, समोर गर्दी होती, कुणीतरी चार्जर मागत होतं. बिराचं लक्ष कुठंच नव्हतं. बसचा हॉर्न कोपऱ्यावर ऐकू आला तरी तो उठला नाही.

मोबाईल एकदा वाजला आणि थांबला. बिरानं तो उचलून खिशात घातला.

‘हायेत,’ तो म्हणाला, आणि बस पकडायला पळाला.